दोनशे चौदा दिवस

पवनीच्या कोर्टामागं, चिंचेखाली, टिनाच्या शेडात
मी मोठ्यानं वाचत टाइप करतो. जुनी सवय.
"अर्जदार ही अशिक्षित विधवा असून..."
समोरच्या बाकड्यावर पाय वर घेऊन फुलवंता दिघोरे.
"असिक्षित कायले लिवता जी? चवथी सिकली आहो मी."
मी खोडत नाही. नमुन्यात तसंच आहे.

भांडण बोडीचं. शिंगाड्याची बोडी, पाऊण एकराची.
नवरा गेल्यावर दिरानं काठानं काटेरी तार ओढली.
निकाल विरुद्ध गेला. अपिलाला तीस दिवस.
नक्कल मीच आणली होती,
मीच बांधली लाल फडक्यात, वर लिहिलं:
दिघोरे विरुद्ध दिघोरे.
आमच्या कपाटात दिघोरे विरुद्ध दिघोरे तीन आहेत.

देवतळे वकिलांच्या डायरीत त्या तारखेपुढं
हिरव्या शाईत खूण. अपील दाखल.
अक्षर त्यांचंच.
अपील कुठंच नाही.
त्याच उन्हाळ्यात साहेब एका केसमध्ये
समोरच्या पक्षाची बाजू मांडून आले होते
आणि मी बाररूममध्ये हसून सांगितलं होतं, ऊन लागलं.
हे अर्जात नाही.

"प्रत्येक दिवसाचा खुलासा लागेल," नव्या वकील मॅडम म्हणतात.
फुलवंता पदराची गाठ सोडते.
एसटीची तिकिटं. अकरा.
सगळी कोरी, मशीनची शाई उडालेली.
"यायच्यावर तारीख होती जी. मी पाह्यली होती."
उजेडाकडं धरून बघतो. एकावर अर्ध्या तिकिटाचा आकडा,
की माझ्याच बोटाचा डाग.

आली होती ती. अकराही वेळा.
थंडीत पळसाच्या पानात उकडलेले शिंगाडे घेऊन,
तिच्या बोडीतले नव्हेत, बाजारातून विकत घेतलेले.
मी सोलून खायचो आणि सांगायचो,
चालू आहे बाई, कोर्टाचं काम आहे, वेळ लागतो.
खोटं नव्हतं ते.
निदान सहाव्या खेपेपर्यंत.

"लिहा," मॅडम सांगतात, "वकिलाच्या नजरचुकीने."
एकतीस वर्षं हा शब्द मी बडवत आलो,
दुसऱ्यांच्या वकिलांसाठी.
नजरचूक. जशी नजर एकटीच कुठं चुकली, वासरागत,
दिवेलागणीला येईल गोठ्यात.
"वकिलाच्या" पुढं मी "व मुन्शीच्या" टाकतो.
मॅडम बघतात. बोलत नाहीत.
मग वर जातो, "अशिक्षित" काढतो,
"चौथी उत्तीर्ण" करतो.
"आता कसं," फुलवंता म्हणते,
अंगठ्याचं पॅड बाजूला सारते आणि सही करते,
रे ची मात्रा थेट तिकिटावर चढते.

भंडाऱ्याला विलंब माफ झाला.
दोन हजार रुपये खर्च, दिराला, तीस दिवसांच्या आत.
"मंजे चूक वकिलाची, दंड मले,
अन् पैसे त्याले?"
व्हरांड्यात माणसं होती. मी म्हणालो, आदेशात आहे.
ती माझ्याकडं बघत राहिली,
मी चपलेतला खडा काढत राहिलो. खडा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं गेलो, माझे पैसे घेऊन.
नाझर अजून कुलूप काढत होता.
"महिन्याची मुदत आहे मुन्शीजी, एवढी कायची घाई?"
पावती घेतली. झेरॉक्स काढली.
झेरॉक्सची आणखी एक काढली.

परतताना साहेबांकडं डोकावलो.
अंगणात काळा कोट घालून बसलेले, खाली पायजमा.
"दिघोरेचं अपील लावलं ना रे?"
रोज विचारतात. रोज सांगतो.
"लागलं, साहेब."
आज सांगताना जीभ अडखळली.
त्यांनी डायरी मागितली, पान शोधलं, दुसऱ्याच सालचं,
आणि शाई संपलेल्या पेनानं
सावकाश, नीट, खूण केली.